कुशीनगरला राहायला जायचे म्हणतात दाजी

गेल्या माघात आमच्या वस्तीतल्या विहारातून आम्ही एकोणीस उपासक-उपासिका धम्मस्थळांच्या यात्रेला गेलो होतो. बोधगया, सारनाथ, लुंबिनी, श्रावस्ती करून शेवटचा मुक्काम कुशीनगरला पडला. महापरिनिर्वाण विहारात तथागतांची ती उजव्या कुशीवर पहुडलेली वीस फुटी मूर्ती पाहिली आणि आमचे दाजी, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पायांशी जे बसले ते उठेनात. पस्तीस वर्षे कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिलेला हा माणूस. कुणाच्या मयताला रडलेला आम्ही पाहिला नाही. तिथे मात्र उपरण्याने डोळे पुसत होता. रात्री धर्मशाळेच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आता आपण इथंच राहायला यायचं. मुंबई बास झाली."

यात्रेत असे सगळेच म्हणतात. घरी आल्यावर आठ दिवसांत नळाच्या पाण्याच्या वेळा पुन्हा पाठ होतात आणि बोलणे विसरले जाते. दाजी विसरले नाहीत. महिन्याभराने आम्हाला बोलावणे आले. गेलो तर पुढ्यात एका प्लॉटचा कागदावर छापलेला नकाशा, मोबाईलवर एका दलालाचे फोटो, आणि शेजारी गप्प बसलेली आक्का. दाजींनी टोकन म्हणून काही रक्कम पाठवूनही दिली होती. बेत असा की चाळीतली खोली विकायची, प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशात भर घालून कुशीनगरला जागा घ्यायची, दोन खोल्या बांधायच्या आणि उरलेले आयुष्य तथागतांच्या पायांशी काढायचे. धाकटा मुलगा अकरावीत आहे. तो तिकडेच बारावी करील. "तू बी.कॉम. आहेस, तुला कागदातलं कळतं. तेवढं बघून दे," असे म्हणून त्यांनी सगळी पिशवी आमच्या हवाली केली.

ती पिशवी घेऊन आम्ही तीन महिने जी चौकशी केली तीच इथे मांडतो आहोत. कारण एक दाजीच नाहीत. विहारात विषय काढला तेव्हा आणखी तीन घरांत हीच चर्चा चालू असल्याचे कळले. एका घरात सारनाथचे नाव होते, एका घरात बोधगयेचे.

कुशीनगरची ओढ आपल्या समाजाला का असावी, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांना ज्यांनी त्रिशरण-पंचशील दिले ते भदंत चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशचे, पण आयुष्य त्यांनी काढले ते कुशीनगरला. म्हणजे आपल्या धम्मदीक्षेची वाट नागपूरला पोहोचली ती याच लहान गावातून. आज तिथे ब्रह्मी, थाई, चिनी, जपानी-श्रीलंकन असे कितीतरी देशांचे विहार आहेत. सध्याचे महापरिनिर्वाण विहार बांधले गेले तेही १९५६ सालीच, तथागतांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली त्या निमित्ताने. दीड-एक किलोमीटरवर रामाभार स्तूप, जिथे तथागतांच्या देहावर अग्निसंस्कार झाले. संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर बसले की मुंबईच्या माणसाला आपला श्वास ऐकू येतो. दाजींना आम्ही दोष देत नाही.

पण गाव लहान आहे, आणि आजचेच नव्हे, तेव्हाचेही लहान. महापरिनिब्बान सुत्तात खुद्द आनंदाची कुरकुर आली आहे. या मातीच्या भिंतींच्या आडबाजूच्या गावात नको, चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी मोठी नगरे आहेत, तिथे परिनिर्वाण व्हावे, अशी त्याने विनवणी केली होती. तथागतांनी त्याला या गावाचे जुने वैभव सांगून गप्प केले. आम्ही हे दाजींना सांगितले तर ते म्हणाले, "बघ, म्हणजे भगवंतांनी लहान गावच पसंत केलं." यावर काय बोलणार?

२०११ च्या जनगणनेत कुशीनगर नगराची वस्ती बावीस हजारांच्या आसपास होती. मुंबईच्या हिशेबाने एखादा मोठा झोपडपट्टी वॉर्ड. जिल्ह्याचे नाव कुशीनगर असले तरी मुख्यालय पडरौन्याला. हा जिल्हा १९९४ साली देवरियातून वेगळा काढला. चारी बाजूंना सपाट रान, उसाची शेते, साखर कारखाने. डोंगर म्हणून नजरेला काही लागत नाही. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या आपल्या माणसांना हे सपाट रान चार दिवस बरे वाटते. डिसेंबर-जानेवारीत धुके असे पडते की गाड्या तासन् तास उशिराने धावतात, मे-जूनमध्ये लू वाहते, आणि पावसाळ्यात गंडक नदी जिल्ह्याच्या काठच्या गावांना पुराची भीती घालते. मेंदूज्वराने या पट्ट्यात वर्षानुवर्षे लहान मुले दगावली. अलीकडे लसीकरण आणि स्वच्छतेमुळे ते प्रमाण फार उतरले आहे, हेही सांगितले पाहिजे.

कुशीनगरला विमानतळ आहे, २० ऑक्टोबर २०२१ ला त्याचे उद्घाटन झाले. रेल्वे स्टेशन मात्र नाही. आपल्यासारख्यांनी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेसने दीड दिवस प्रवास करून गोरखपूर गाठायचे आणि पुढे पन्नासएक किलोमीटर बस किंवा जीप. या गाडीत एक गोष्ट लक्षात आली. मुंबईकडे येणाऱ्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पूर्वांचलची तरुण पोरे गवंडीकाम, रंगकाम, भिवंडीचे लूम, गॅरेज अशा कामांना येत असतात. आम्हाला गोरखपूरहून घेऊन आलेल्या जीपवाल्याचे दोन भाऊ कल्याणला होते. दाजींनी त्याला आपला बेत सांगितला तर तो गाडी हळू करून म्हणाला, "चाचा, यहाँ से तो लोग रोटी कमाने बाहर जाते हैं. आप यहाँ क्या करेंगे?" दाजी म्हणाले, "वंदना करूंगा." तो हसला नाही, मान हलवली.

दाजींचे स्वतःचे पोट भरेल का, हा हिशेब आम्ही आधी मांडला, आणि खरे सांगायचे तर तो आम्ही समजत होतो तितका वाईट निघाला नाही. त्यांची पेन्शन भविष्यनिर्वाह निधीची, तुटपुंजी आहे. पण १ जानेवारी २०२५ पासून ती देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत मिळू शकते, कागद या कचेरीतून त्या कचेरीत हलवावे लागत नाहीत. रेशनकार्डावरचे धान्य २०२२ पासून सगळ्या राज्यांत, अंगठा लावून, कुठल्याही दुकानात उचलता येते. औषधपाण्यासाठी गोरखपूरला एम्स आहे, २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. थाई विहाराचा दवाखाना गावातच आहे. आक्काच्या साखरेच्या गोळ्या मिळतील. रात्री-बेरात्री छातीत कळ आली तर मात्र पन्नास किलोमीटर म्हणजे पन्नास किलोमीटर.

आता जमीन. दलालाने पाठवलेला प्लॉट स्तूपापासून चालत पाच मिनिटांवर, असे म्हणत होता. त्याला हीच मोठी जमेची बाजू वाटत होती. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येते, हा केंद्राचा कायदा आहे. आपल्याकडे लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. शिवाय कुशीनगरला विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण आहे, लोक त्याला कसाडा म्हणतात. नकाशा त्यांच्याकडून मंजूर व्हावा लागतो. शेतजमीन असेल तर राहण्यासाठी वापरायची म्हणून ती महसूल संहितेच्या कलम ८० खाली तशी जाहीर करून घ्यावी लागते. आपल्याकडे सातबारा, तिकडे खतौनी. आपल्याकडे तलाठी, तिकडे लेखपाल. आपला फेरफार म्हणजे त्यांचे दाखिल-खारिज. खतौनी उत्तर प्रदेशच्या भूलेख संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. आमच्या मुलीने ती काढून दिली, आणि तिथे घोडे पेंड खायला लागले.

जमिनीचा मालक अनुसूचित जातीचा शेतकरी निघाला. दाजींना आनंद झाला. आपल्याच माणसाकडून घेतोय, त्यालाच दोन पैसे मिळतील. पण उत्तर प्रदेशच्या २००६ च्या महसूल संहितेतले कलम ९८ सांगते की अनुसूचित जातीच्या भूमिधराने आपली जमीन अनुसूचित जातीबाहेरच्या माणसाला विकायची तर आधी कलेक्टरची लेखी परवानगी हवी. दाजी म्हणाले, "मग आपल्याला कशाला परवानगी? आपण काय बामण आहोत?"

इथे आम्हाला त्यांच्याशेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. वाचकांनाही सांगतो, कारण ही गोष्ट आपल्यातल्या शिकलेल्या लोकांनाही नीट ठाऊक नसते. अनुसूचित जातींची यादी देशाची एक नाही, राज्याराज्याची वेगळी आहे. घटनेच्या कलम ३४१ मध्येच तसे म्हटले आहे: त्या राज्याच्या संबंधात. महाराष्ट्राच्या यादीत महार आहे. उत्तर प्रदेशच्या यादीत चमार, पासी, धोबी, कोरी, खटीक, वाल्मिकी, मुसहर अशा साठांहून अधिक जाती आहेत, त्यात महार नाही. बौद्ध झाल्यावर गेलेल्या केंद्राच्या सवलती १९९० साली परत मिळाल्या, पण त्याही मूळ जातीच्या आणि मूळ राज्याच्या आधारावर. म्हणजे कुशीनगरच्या तहसीलदारापुढे आपण बौद्ध असू, आंबेडकरी असू, अनुसूचित जातीचे नसू.

यावर पहिला मोठा निकाल १९९० चा आहे आणि तो मुंबईतल्याच एका मुलाचा आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा हा मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी मुंबईला आला, इथेच शिकला, आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. १९९४ साली घटनापीठाने तेच कायम केले. २०१८ साली बीरसिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी पुन्हा तेच सांगितले: एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्याच्या नोकरीत आरक्षण मागू शकत नाही. आणि जमिनीबद्दल तर २०२२ च्या जानेवारीतला निकाल दाजींच्या प्रश्नाला जवळजवळ नेमके उत्तर देतो. पंजाबातल्या अनुसूचित जातीच्या माणसाने राजस्थानात अनुसूचित जातीची जमीन घेतली होती. तो राजस्थानच्या संबंधात अनुसूचित जातीचा धरता येत नाही म्हणून तो व्यवहार टिकला नाही.

दलालाला फोन करून आम्ही कलम ९८ चे विचारले. "सब हो जाता है, साहब," म्हणाला. कसे होते, ते सांगेना. टोकन परत मागितले तेव्हापासून फोन उचलत नाही. दाजींची ती रक्कम गेली असे आम्ही धरून चाललो आहोत, दाजी अजून धरत नाहीत.

जमिनीचे एक वेळ सोडा. परवानगी मिळवता येईल, दुसरी जमीन पाहता येईल, भाड्याने राहता येईल. आमचा खरा जीव अडकला होता तो भाच्याच्या कागदात.

भाचा महाराष्ट्राचा अनुसूचित जातीचाच राहतो, ते कुठे जात नाही. केंद्राची नोकरी, रेल्वे, बँका, बनारस हिंदू विद्यापीठासारखी केंद्रीय विद्यापीठे यांत त्याचा दाखला चालेल. पण उत्तर प्रदेश सरकारची नोकरी, तिथल्या राज्य विद्यापीठातली राखीव जागा, पंचायतीची राखीव जागा, यांत तो खुल्या प्रवर्गातला. आणि परत महाराष्ट्रात येऊन मेडिकलला राज्याच्या कोट्यात जागा मागायची, तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून केल्याची अट आडवी येते. म्हणजे अकरावीच्या मध्यावर पोराला उचलून नेले तर तिकडे राखीव नाही आणि इकडे मेडिकलला राज्याचा विद्यार्थी नाही. शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा त्या राज्याने द्यायची असते. दोन राज्यांच्या समाजकल्याण कचेऱ्यांमध्ये कागद फिरवणे म्हणजे काय, हे आम्ही कारकून आहोत म्हणून आम्हाला जास्त कळते. जातपडताळणीसाठी आक्काच्या सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत आम्ही साताऱ्याला चार खेपा घातल्या होत्या, तेव्हा कुठे थोरल्याचे काम झाले. ती फाईल तिकडच्या कुठल्या टेबलावर ठेवायची?

ॲट्रॉसिटी कायद्याचाही प्रश्न कुणीतरी विहारात विचारला. परराज्यात गेल्यावर त्याचे संरक्षण राहते का? २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने राहते असे म्हटले आहे, हा कायदा माणसाच्या मूळ राज्यापुरता अडकवता येणार नाही. निकाल चांगला आहे. पण गोरखपूरकडच्या पोलीस ठाण्यात तो आपल्या बाजूने वाचून दाखवणारा वकील आधी शोधून ठेवावा लागेल.

तिथे आपली माणसे नाहीत असे नव्हे. माघी पौर्णिमेला आम्ही तिथे होतो, म्हणजे संत रैदासांच्या जयंतीला. जवळच्या वस्तीत मिरवणूक होती, रैदासांच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो होता, आणि आम्ही मुंबईहून आलो म्हटल्यावर पोरांनी असा काही 'जय भीम' दिला की आक्काच्या डोळ्यांत पाणी आले. चहा झाला. मग एका वृद्धाने विचारले, "आप लोग किस बिरादरी के?" आम्ही म्हणालो, बौद्ध. "वो तो ठीक है," म्हणाला आणि थांबून राहिला. गावात हा प्रश्न संपत नाही. मुंबईत निदान लोकलमध्ये तो कुणी विचारत नाही. त्याच परिसरात मुसहर कुटुंबांच्या झोपड्याही दिसल्या. त्या पाहिल्यावर 'शांत, पवित्र गाव' या आमच्या शब्दांची आम्हाला थोडी लाज वाटली.

दाजींचे वडील साताऱ्याचे गाव सोडून गिरणीत आले ते बाबासाहेबांचे ऐकून. खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर आहे, ते सोडा, हे त्यांनी किती वेळा सांगितले आणि १९४८ साली घटना समितीतही ठणकावले. त्या म्हाताऱ्याने शहराचा धूर खाऊन जी खोली उभी केली, ती विकून मुलाने पुन्हा लहान गावाकडे जायचे? आम्ही हे बोललो तेव्हा दाजी चिडले. म्हणाले, "बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं ते जोहार घालायचा होता म्हणून. मी जोहार घालायला चाललो नाही, मी माझ्या बापाच्या घरी चाललोय." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही.

आक्का या सगळ्यात एकदाच बोलली. जेवणे आटोपली होती, भांडी घासता घासता म्हणाली, "पौर्णिमेला खीर कुणाला वाटू तिथं? लेकीचं बाळंतपण आलंय, ते कुठं करू? आणि आमच्यातलं एक गेलं, तर दुसऱ्यानं मयताला माणसं कुठनं आणायची?" दाजी बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शेवटी जे ठरले ते असे. खोली विकायची नाही. ती आक्काच्या नावावर करायची, हे आम्ही हट्टाने घातले. भाचा बारावी इथेच करील, तोवर आमच्याकडे जेवेल. दाजी आणि आक्कांनी आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने कुशीनगरला भाड्याच्या खोलीत काढायचे. पाऊस, डास, वीज, बाजार, शेजार सगळे अंगावर घ्यायचे. जमीन बघायची नाही, दलालाशी बोलायचे नाही. अश्विनात परत आल्यावर लेकीचे बाळंतपण, आणि मग काय ते बोलू. आमच्या विहारातल्या सारनाथवाल्या घरानेही हाच मार्ग धरला आहे. बोधगयेवाले ऐकत नाहीत, त्यांचा मुलगा केंद्राच्या नोकरीत आहे आणि बदली मागून गयेला गेला आहे. त्यांचे गणित वेगळे आहे आणि ते जमेलही.

तिकिटे निघाली आहेत. आक्काने तवा, काटवट आणि कुकर बांधून ठेवला आहे. तिकडे बाजारात ज्वारी दिसली नव्हती, म्हणून ती दहा किलो पीठ बरोबर घेते आहे. दाजी म्हणतात पाच बास.